नऊ एकांचं देणं

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मला माझ्या मावशीने दिली. तिने मला राहायला जागा दिली, चार वर्षं जेवू घातलं, शाळेची फी भरली, कॉलेजात जाताना पहिली चांगली साडी घेतली. त्या सगळ्याचा हिशेब आमच्या घरात कुणी मांडला नाही आणि मांडायला गेले असते तर ती रागावली असती. तरी तिच्या देण्यातलं सगळ्यात मोठं कोणतं असं कुणी विचारलं, तर मी या सतरा अंकांकडे बोट दाखवीन.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर मुलगे तालुक्याला खोली घेऊन राहायचे; मुलीसाठी तो विचारही कुणी करत नसे. मावशीने पत्र पाठवलं, ‘हिला माझ्याकडे पाठवा.’ १९७१च्या जूनमध्ये ट्रंक आणि आंब्याची पेटी घेऊन मी डोंबिवलीला आले. मावशीने लग्न केलं नव्हतं. चाळीत तिच्या दोन खोल्या होत्या. मॅट्रिक होऊन ती रेल्वेच्या अकाउंट्स ऑफिसात लागली होती आणि रोज लेडीज डब्यातून व्ही.टी.ला जात होती. जाताना बहुधा उभीच, येताना मिळाली तर चौथी सीट. मग मांडीवर पिशवी उघडून मेथी नाहीतर गवार निवडायची. घरी येईपर्यंत भाजी फोडणीला घालण्याजोगी झालेली असे.

कॉलेजचं गणित तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिचं गणित लेजरचं. पण त्या गणितात तिने एक गोष्ट स्वतःशी इतकी घट्ट धरली होती की पुढे मला पदवीच्या वर्गातही तितकी घट्ट धरलेली क्वचितच दिसली. जे खरं आहे ते का खरं आहे, हे कळल्याशिवाय ती ते वापरत नसे.

ऑफिसात दोन बेरजा जमेनात तर जुने कारकून म्हणायचे, ‘फरक नवाने भागून बघा. गेला तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेलेत.’ सगळे तसं करायचे आणि त्याचा उपयोगही व्हायचा. मावशीने त्याचं कारण शोधून काढलं होतं. माझ्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने ते मला पाठकोऱ्या कागदावर दाखवलं. ५४च्या जागी ४५ लिहिलं गेलं, तर ५ दशकातून एककात आला आणि ४ एककातून दशकात गेला. दशकातून एककात उतरताना प्रत्येक एकामागे नऊ कमी होतात, वर चढताना नऊ वाढतात. म्हणून फरक नवाच्याच पटीत राहणार. १८२७च्या जागी १२८७ झाले तर फरक ५४०, म्हणजे नऊ साठे. ‘आता तू सांग,’ ती म्हणाली, ‘फरक नवाच्या पटीत नसेल तर काय समजायचं?’ मी म्हटलं, ‘मग नुसती अदलाबदल नाही, काहीतरी सुटलं असेल.’ तिने मान डोलावली आणि उठून पिठलं ढवळलं. शाबासकी द्यायची तिची हीच पद्धत होती.

ही संख्या तिला ऑफिसातूनच मिळाली. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका गृहस्थांना संख्यांचा नाद होता. त्यांनी तिला सांगितलं, ‘बाई, तुमच्या स्टेशनाचं नाव संख्यांना दिलंय, ठाऊक आहे का? देवळालीच्या एका शाळामास्तरांनी.’ मास्तर म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळेत शिकवणं. ना संशोधनाची नोकरी, ना प्रयोगशाळा, ना सहायक. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डोंबिवलीचं स्टेशन होतं; तेव्हा ते डेम्लो. तिथे त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. १९३८ साली त्यांचा यावरचा लेख ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला, आणि पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला दुसरा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात.

मावशीला याचं फार अप्रूप वाटलं. रोज ज्या फलाटावर आपण धक्के खातो, त्याचं नाव गणितात गेलं! पण अप्रूप वाटून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या रात्री जेवणं उरकल्यावर तिने मला बोलावलं आणि म्हणाली, ‘एक गुणिले एकपासून सुरू कर. थांब म्हणेपर्यंत करत राहा.’

अकरा गुणिले अकरा १२१. एकशे अकराचा वर्ग १२३२१. एक हजार एकशे अकराचा १२३४३२१. चौथ्या गुणाकारानंतर मला वाटलं, कळलं, आता करायची गरज नाही. मावशी म्हणाली, ‘कर.’ नऊ एकांचा गुणाकार मांडला तेव्हा कागद आडवा घ्यावा लागला. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली, अशा जिन्यासारख्या उतरत गेल्या. मग एककाच्या घरात एकच एक पडतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मधल्या घरात पूर्ण नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी. बेरीज नुसती मोजून लिहायची. खाली आली ती संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१.

भास्कराचार्यांनी लीलावतीत एकंपासून परार्धापर्यंत जी अठरा स्थानं सांगितली आहेत, त्यात हिचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे परार्धाच्या अलीकडच्या स्थानावर बसतो. मोठी संख्या आहे. तरी ती एका मुलीने पाठकोऱ्या कागदावर, यंत्राशिवाय, एकही हातचा न घेता मिळवली होती.

‘एकही हातचा नाही,’ मावशी म्हणाली. ‘म्हणून ती अशी देखणी आहे. आता दहा एक घे.’

मधल्या घरात दहा आले. शून्य लिहून एक हातचा. डावीकडे नऊ होते, त्यांचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या घरातल्या आठाचे नऊ झाले आणि तिथे हातचा संपला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण होती तिथे आठ गायब आणि मध्ये दोन शून्यं. मला वाईट वाटलं. इतकी सुंदर रांग, आणि दहाव्या पावलाला विस्कटली. मावशीला मात्र नऊ एकांपेक्षा दहा एकांनीच जास्त आनंद झालेला दिसला. ‘हे बघ, आता कळलं ना ती नवापर्यंत का चालली?’ आपण दहाच्या पद्धतीने मोजतो म्हणून नवापर्यंत चालली. सोळाच्या पद्धतीने मोजत असतो तर पंधरापर्यंत चालली असती. जिथे एखादी गोष्ट मोडते तिथे तिचं कारण दिसतं. हे तिने अशा शब्दांत कधी म्हटलं नाही. ती पुढचा कागद घ्यायची, एवढंच. पण मी आयुष्यभर गणित शिकवलं ते याच आधारावर. मुलांना आकृतिबंध दाखवला की मी त्यांना विचारते, हा कुठे थांबेल?

डेम्लो संख्यांची कापरेकरांना सापडलेली खरी गंमत त्या चढउतारात नव्हती. ती बेरजेत होती. १२३२१चा मधला ३ बाजूला ठेवा, डावीकडचे १२ आणि उजवीकडचे २१ मिळवा: ३३. मधलाच अंक पुन्हा पुन्हा. १२३४३२१मध्ये १२३ आणि ३२१, बेरीज ४४४. असं तीन भागांत पडणं, आणि दोन टोकांच्या बेरजेत मधल्याचाच अंक येणं, हे डेम्लो संख्यांचं लक्षण. १६५ही त्यातच बसते: १ आणि ५ मिळून ६. मधले सहा वाढवत नेले तरी, म्हणजे १६६५, १६६६५, लक्षण तेच. आमच्या मोठ्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळवले की आठ नऊ येतात, ९९९९९९९९.

मग मावशीने विस्कटलेल्या दहाव्या संख्येचेही दोन भाग केले. १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरजेत किती एक आले, ते आम्ही दोघींनी बोट ठेवून मोजले. दहा एक. म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला, तीच परत आली. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करून मिळवायचे आणि मूळ संख्या मिळायची, अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. मास्तरांच्या नावाच्या दोन निरनिराळ्या संख्याकुळांची गाठ त्या एका पाठकोऱ्या कागदावर पडली होती. डेम्लोचा देखणेपणा ज्या पावलाला संपला, त्याच पावलाला कापरेकर संख्या उभी राहिली. ‘आणि तू म्हणतेस मोडली,’ मावशी म्हणाली.

आमच्या घरात पुढचे काही महिने ही संख्या वस्तीला होती. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. तिला ८१ने गुणलं की नऊ नवांचा वर्ग येतो, ९९९९९९९९८००००००००१, आणि त्याचेही दोन तुकडे मिळवले की पुन्हा नऊ नऊ. या ८१चं मला त्या वेळी नुसतं आश्चर्य वाटलं; कारण दुसऱ्या दिवशी कळलं. नऊ एकांची नवपट म्हणजे नऊ नऊ, तेव्हा वर्ग करताना नवाचाही वर्ग होणारच. मग १ला ८१ने भागून बघितलं. दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९, पुन्हा ०१२३४५६७९, असं न संपणारं चक्र. इथेही आठ नाही. आणि इथेही त्याचं कारण तोच हातचा: नवानंतरच्या घरात दहा येऊ पाहतात, त्यांच्यातला एक डावीकडे सरकतो, नवाचे दहा होतात, तो एक पुन्हा सरकतो आणि आठाचा नऊ होतो. आठ नसलेल्या या १२३४५६७९ला नऊ नवांनी गुणा, थेट आमची संख्या हाती येते. लेजरातल्या चुका पकडणारा मावशीचा नऊ हिच्या पोटातच बसलेला होता.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत अशा संख्या ‘गणितातला चमत्कार’ म्हणून छापून येतात, तेव्हा मला राग येतो. आकड्यांचा मनोरा उभा करून दाखवतात आणि कारण सांगत नाहीत. वाचणाऱ्याला वाटतं, हे कुणा अलौकिक माणसाचं काम, आपलं नाही. कापरेकरांवरही याच वृत्तीने अन्याय झाला. काहींनी त्यांचं काम खेळ म्हणून सोडून दिलं, काहींनी जादू म्हणून डोक्यावर घेतलं. १९४९ साली त्यांनी ६१७४ची गोष्ट मांडली. अंक सगळे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, फार तर सात वेळा. ६१७४ येणारच, आणि ७६४१मधून १४६७ वजा केले की पुन्हा तीच. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या नावाची चर्चा बाहेर झाली. मावशीने तर आधीच ठरवून टाकलं होतं: ‘शाळेत शिकवून घरी येऊन हे करणारा माणूस खेळ करत नसतो.’

पुष्कळ वर्षांनी मला ग्रंथालयात कळलं की नऊ एकांच्या वाटेवर याआधीही कुणी चाललं होतं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गळ्यातल्या कंठ्यासारख्या, दोन्हीकडून सारख्या वाचता येणाऱ्या गुणाकारांची उदाहरणं आहेत. २७९९४६८१ला ४४१ने गुणा, असं तो सांगतो. उत्तर येतं १२३४५६५४३२१. ते सहा एकांच्या वर्गाचं उत्तर, कारण ४४१ हा २१चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१चा, आणि ५२९१ला २१ने गुणलं की सहा एक. हे मी मावशीला कळवलं तेव्हा तिने ते सगळं पुन्हा स्वतः गुणून पाहिलं. महावीराचार्यांनाही तिने सूट दिली नाही.

पण माझ्यावर तिचं खरं ऋण चढलं ते पुढच्या पावसाळ्यात. रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या की तिला घरी थांबावं लागे. अशाच एका दिवशी ती म्हणाली, ‘हिला बाहेरून पुष्कळ पाहिलं. आता फोडू या.’ वर्ग फोडायचा तर मुळालाच फोडायचं. नऊ एकांना नवाने भागलं: १२३४५६७९. त्याला ३७ने भागलं: ३३३६६७. इथे गाडी अडली. ३३३६६७ दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, सातानेही नाही. ही मूळ संख्या आहे का?

तिला एवढं माहीत होतं की कुठेतरी थांबता येतं. ५७७चा वर्ग ३३२९२९, आणि ५७८चा वर्ग ३३३६६७च्या पुढे जातो. म्हणजे ५७७पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग गेला नाही, तर पुढे बघायला नको. ५७७पर्यंत मूळ संख्या किती? १०६. त्यांची यादी आम्ही स्वतःच चाळून काढली. मग रोज रात्री थोडे भागाकार. ‘जात नाही’ असं तोंडाने म्हणायची परवानगी नव्हती, बाकी लिहायची. मी लिहिलेली बाकी ती उलट गुणून तपासायची आणि लेजरात करायची तशी लाल पेन्सिलीने खूण करायची. ऑफिसात हाताने दांडा फिरवायचं फॅसिटचं यंत्र होतं, पण ऑफिसच्या यंत्रावर घरचं काम करणं तिला कधीच पटलं नसतं. श्रावण संपायच्या सुमाराला ५७७ची बाकी लिहिली: १६१. मग खाली तिने तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘३३३६६७ मूळ.’ तेव्हा आमच्या संख्येची फोड पूर्ण झाली: तिनाचा चौथा घात, ३७चा वर्ग, ३३३६६७चा वर्ग. तिचे एकूण विभाजक ४५.

गावाकडे मी वाढले ते कुणीतरी सांगितलेलं खरं मानत. वडील म्हणाले, गुरुजी म्हणाले, पोथीत आहे. त्यात कुणाचं वाईट नव्हतं, पण मुलीच्या म्हणण्याला जागाही नव्हती. ‘३३३६६७ मूळ’ हे पहिलं सत्य, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते पाठ्यपुस्तकात नव्हतं, शाळेतल्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनाही ठाऊक नसतं. ते आमच्या कागदांवर होतं, एकशे सहा बाक्यांसह, आणि कुणीही येऊन तपासावं. पुढे गावाहून माझ्या लग्नाचं पत्र आलं तेव्हा मावशीने उत्तर लिहिलं, ‘बी.एस्सी. झाल्यावर बघू.’ बोलणी फिसकटली, घरचे काही दिवस नाराज झाले. मी गप्प बसून होते, पण घाबरले नव्हते. तेवढं बळ मला त्या बाक्यांनी दिलं होतं, यात मला शंका नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फर्माचा सिद्धांत शिकले. फर्माने तो १६४०मध्ये एका पत्रात लिहिला. दहाला न भागणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, १ला तिने भागा. दशांशातलं चक्र जितक्या अंकांचं असेल, तितक्यांनी त्या मूळ संख्येतून एक वजा केलेली संख्या भागली जाते. १ला ७ने भागलं की १४२८५७चं सहा अंकी चक्र. सातातून एक गेला, सहा. वर्गात बसल्याबसल्याच माझ्या लक्षात आलं की हे आमच्या ३३३६६७ला लागू पडतं. ती संख्या नऊ नवांना भागते, तेव्हा तिला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येचं चक्र नऊ अंकांचं, किंवा तीन वा एका अंकाचं. तीन आणि एक अंकी चक्राच्या फक्त ३७ आणि ३, आणि ती दोन्ही लागत नाहीत. मग चक्र नऊचंच, म्हणजे त्या मूळ संख्येतून एक वजा केला की नवाने, आणि ती विषम म्हणून अठराने, भाग जायलाच हवा. तपासायच्या संख्या १०६ नव्हत्याच. १९, ३७, ७३, १०९, १२७, अशा ५७७पर्यंत फक्त सतरा.

त्या शनिवारी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी हे मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग कागद ओढला, अठराअठराने पुढे जात सतरा संख्या काढल्या, जुन्या वहीतल्या त्यांच्या बाक्या शोधून समोर लिहिल्या आणि म्हणाली, ‘म्हणजे आपलं तेव्हाचं चुकीचं नव्हतं. लांबचं होतं.’ आणि लगेच पुढचा प्रश्न: ‘पण हे असंच का होतं?’

मी सातवर करून दाखवलं. १०, २०, ३०, ४०, ५०, ६० यांना सातने भागा. बाक्या ३, ६, २, ५, १, ४. एकही बाकी दोनदा नाही, एकही चुकलेली नाही, एक ते सहा सगळ्या आल्या, फक्त क्रम बदलून. मग दोन्हीकडचे गुणाकार सारखेच, आणि त्यातून दहाचा सहावा घात सातने भागल्यावर एक उरणारच. तिने स्वतः १३ घेऊन पुन्हा केलं, मग १७ घेऊन. रात्री कधीतरी म्हणाली, ‘हे मला ऑफिसात असताना कुणी सांगायला हवं होतं गं.’ तक्रार नव्हती ती. इतकं चांगलं काहीतरी इतक्या उशिरा भेटलं, याचा आनंद होता.

लग्नानंतर मी नागपूरला गेले, शाळेत शिकवू लागले. मावशी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. पत्रांतून ती शेजारच्यांची खुशाली, दुधाचा भाव आणि एखादा भागाकार असं सगळं एकत्र लिहायची. दहा एकांचे तिने पटापट तुकडे केले: ११, ४१, २७१ आणि ९०९१. मग अकरा एकांना हात घातला. इथे फर्माचा सिद्धांत सांगतो की ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिच्यातून एक वजा केला की २२ने भाग जायला हवा. बावीसबावीसने पुढे जायचं: २३, ६७, ८९. पाचात संपणाऱ्या आणि तिनाने जाणाऱ्या गाळायच्या, आणि उरलेल्यांनी अकरा एकांना भागत राहायचं. हा रस्ता लांब आहे हे मला माहीत होतं. किती लांब, हे मी तिला कळवलं नाही. शोधून काढणं तिचं होतं. दोनशेहून अधिक मूळ संख्या ओलांडल्यावर पहिला भाग जातो.

एका उन्हाळ्यात तिचं पोस्टकार्ड आलं. खुशाली नव्हती, दूध नव्हतं. वरच्या ओळीत अकरा एक, खाली २१६४९ गुणिले ५१३२३९, आणि त्याखाली लिहिलं होतं: ‘दुसरी संख्या मूळ आहे का ते वेगळं तपासावं लागलं नाही. तिला भागणारी लहान संख्या असती तर ती मला २१६४९च्या आधीच भेटली असती. बरोबर ना? उलट टपाली कळव.’

बरोबर होतं. मी त्याच दिवशी कळवलं.